सहा दिवस आणि अर्धं तिकीट

आमच्या शेजारच्या निवृत्त कंडक्टरकाकांइतका संशयी माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खरंच संशयी आहे का, असा काकांना संशय येईल. त्यांची सारी नोकरी पालमच्या स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांत गेली. मिसरूड फुटलेल्या पोराला पदराआड दडवून आई अर्धं तिकीट मागते, हे रोज पाहिल्यावर माणसांवरचा विश्वास उडणारच. माझ्या दुकानातून नेलेली साखर ते घरी जाऊन पुन्हा तोलतात आणि वजन बरोबर भरलं की जास्तच अस्वस्थ होतात. "बरोबर कसं काय भरलं? काय तरी गडबड हाय," म्हणतात.

अशा माणसाचा डोळे मिटून भरवसा फक्त बायबलवर. देवानं सहा दिवसांत जग केलं म्हणजे सहाच दिवसांत, आणि सातव्या दिवशी देवाची साप्ताहिक सुट्टी. मी पडलो कपाळाला भस्म लावणारा महादेवाचा माणूस. एकदा सहज म्हणालो, "काका, शास्त्रज्ञ म्हणतात, माकडासारख्या जिवापासून माणूस व्हायला लाखो वर्षं लागली." त्यांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. "लाखो वर्षं? कोण मोजीत बसलं होतं? इथं सख्खी आई पोराचं खरं वय सांगत न्हाई, आन् तुमाला दगडाचं वय कुणी सांगितलं?" मी गुपचूप गुळाची ढेप फोडायला घेतली.

मग चर्चला नवे तरुण पाळक आले. उपदेशात ते म्हणाले, सृष्टीच्या कथेतले दिवस हे रूपक आहे. उत्क्रांती मानली म्हणून देव कुठे जात नाही. काका उपासना अर्धी टाकून उठले ते थेट माझ्या दुकानात. "पोखर्णीचं तिकीट काढलं तर पोखर्णीलाच उतरायचं का न्हाई? 'पोखर्णी ही मनाची अवस्था हाय' म्हणून फुडं परभणीपर्यंत बसून चालतंय का? मला येडं बनवायलेत!" त्यांनी चर्च सोडलं. पाळकांची पदवी खरी आहे का, याचा तपास सुरू झाला. पाळकांनी नाताळाला पाठवलेला केक त्यांनी आधी मांजराला चारला. मांजर ठणठणीत राहिलं, तेव्हा मांजरही पाळकांना सामील आहे असं ठरलं.

मी पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. "तुमची काकू गेली तवा जुन्या पाळकांनी कबरीपाशी सांगितलं, ती पुन्हा उठंल, भेटंल. ते बी ह्याच पुस्तकात हाय. पहिलं पान रूपक निघालं तर शेवटचं कशावरून न्हाई?" त्या दिवसापासून मला त्या भांडणाचं हसू आलं नाही. काकूंवाचून त्या घरात दुपारी भांड्याचाही आवाज होत नाही, हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकतो.

शेवटी पाळक स्वतःच काकांच्या घरी आले. मीही होतो. काकांनी बसा म्हटलं नाही, दारातच अडवलं. "एकच सांगा. आमच्या हिची भेट व्हायची म्हणता, ती खरीखुरी का तेबी रूपकच?"

"खरीखुरी, काका," पाळक म्हणाले.

आता काका पुरावा मागणार, निदान आधार कार्ड तरी मागणार, म्हणून मी वाट पाहत राहिलो. काका त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. उतारूचं खोटं त्यांनी आयुष्यभर असंच तोंडावरून ओळखलं होतं. मग दारातून बाजूला होत म्हणाले, "या. च्या ठेवतो."

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून चर्चला गेले. सहा दिवसांवरून त्यांचं भांडण अजून चालूच आहे आणि पाळकही हटत नाहीत. इतक्या वर्षांच्या शेजारानं माझाही स्वभाव आता काकांसारखा झालाय. त्या तरुणानं ते मनापासून सांगितलं, की म्हाताऱ्याचं मन राखायला, असा संशय मला अधूनमधून येतो. पाळक दुकानात येतात, काडीपेटी, मेणबत्त्या नेतात, दोन शब्द बोलतात. मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.