ओल्या सरसाची कमान

उदगीरजवळच्या खेड्यात शेषेरावानं जन्मभर नांगर जोडले. तीरकमान कधी हातात धरली नव्हती. रझाकारांनी गावातल्या बंदुका नेल्या, तेव्हा त्यानं माळ्यावरची आज्याची शिंगाची कमान उतरवली. दोरी नसली की ती उलटी वळते, हे कळायलाच त्याला आठवडा लागला. शिंगाला चीर गेली होती. त्यानं बैलाच्या नसा कुटून सरसात भिजवल्या नि चिरेवर आवळून गुंडाळल्या. पण श्रावणातल्या दमट हवेत सरस काही वाळेना.

गावाला मात्र धीर आला. शेजारचं गाव जळालं तरी कुणी गाड्या जुंपल्या नाहीत.

"शेषेराव हाय, कमान हाय. कशाला पळायचं?" ग्यानबा चावडीवर म्हणायचा.

एके सकाळी दोरी चढवताना नसांखाली कट्‌ असा आवाज झाला. घरात फक्त त्याच्या बायकोनं, धोंडाबाईनं ऐकला.

"सांगा की लोकायला," ती म्हणाली.

"दोनदा सांगितलं. हसायलेत. म्हणतात, शेषेराव लाजायलाय."

दुपारी पलीकडच्या शिवारात धूर दिसला. शेषेराव चावडीवर गेला आणि सगळ्यांदेखत कमान कानापर्यंत ओढली. शिंग फुटलं. तुटलेलं टोक त्याच्या गालावर बसलं, रक्त आलं.

ग्यानबानं तुकडा उचलून चाचपला. "आरं, सरस ओलाच हाय की!"

"मंग? आता तरी गाड्या जुंपा."

या वेळी कुणी हसलं नाही. पहिली गाडी वेशीबाहेर पडली, तेव्हा ओढ्यापलीकडून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या.