जाताना बंद पडणारी गाडी

सरळसरळ बिघडलेल्या गाडीचा वायरमनला कधी राग येत नसे. हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, बरं, बघू. त्याचा जीव खायची ती गाडी, जी दुकानाच्या दारात शहाण्यासारखी वागते आणि चौक ओलांडला की मान टाकते. असल्या गाडीवाल्यांना तो तोंडावर सांगायचा, "बिघाड दिसेल तेव्हा आणा. न दिसणाऱ्या दुखण्याला मी हात लावत नाही." पण ही व्हॅन होती सख्ख्या थोरल्या बहिणीची, आणि ताईला असलं काही ऐकवायची त्याची छाती नव्हती.

व्हॅन मूळची भावोजींची. सामान वाहा, शाळेची पोरं सोडा, असं करत त्यांनी तिच्यावर उभा जन्म काढला. मग त्यांच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला, पाठोपाठ पायातलं बळ गेलं, आणि ताई पन्नाशीत गाडी चालवायला शिकली. मागचं बाकडं काढून तिथे भावोजींची चाकाची खुर्ची अडकवायची सोय केली. आठवड्यातून तीनदा ती त्यांना डायलिसिसला नेई. पोचायला उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात. त्यांचीही चूक नाही, रांगच मोठी. व्हॅन वाटेत बंद पडल्यामुळे अशा दोन पाळ्या हुकल्या होत्या. भावोजींच्या चेहऱ्यावर सूज चढली होती, आणि डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आणखी हुकली तर आमच्या हातात काही नाही.

"चालता चालता इंजिन बंद," ताई सांगे. "दिवे लागतात, स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही घेत नाही. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मग लहर आली की चालू. आणि बंद पडते ती जाताना. येताना एकदाही नाही बघ."

इथेच वायरमन फसला. जाताना सकाळचा गारठा, येताना ऊन. म्हणजे गारठ्यात सुटणारा एखादा जोड असणार. या तर्कामागे तो महिनाभर हात धुऊन लागला. रिले बदलला, किल्लीचा स्विच बदलला, कॉइल बदलली, अर्थिंगचे जोड घासून लखलखीत केले. दर वेळी ताई विचारायची, "आता नाही ना रे बंद पडणार?" आणि तो म्हणायचा, "आता काय बिशाद आहे तिची." दोन-चार दिवसांनी फोन यायचाच. ताई चिडत नसे, रडत नसे. नुसतं म्हणायची, "बंद पडली रे." त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला परवडल्या असत्या.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने ताईच्या दारातच व्हॅन उसवायला काढली. वजन असताना काही फरक पडतो का ते बघायला भावोजींनाही खुर्चीसकट आत बसवलं.

"काय मेहुणेबुवा," भावोजी म्हणाले, "सोनं निघालं तर सांगा. निम्मं माझं."

वायरमनला हसू आलं नाही. वायरीत करंट आहे की नाही ते दाखवणारा इवलासा बल्ब त्याने कॉइलच्या वायरीला लावला आणि किल्ली फिरवली. बल्ब पेटला. त्याने एकेक वायर हलवली, ओढली, पत्र्यावर ठोकून पाहिलं. बल्ब ढिम्म, पेटलेला तो पेटलेलाच. दुपार कलली तसा त्याने पाना खाली टाकला आणि गाडीच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसला. आपल्याला एक वायर सापडत नाही म्हणून हा माणूस जाणार, हे तोवर त्याने मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, आणि त्याला रडू फुटलं. ताई पाणी आणायला आत गेली होती तेवढं बरं.

"अरे, बल्ब बघ," भावोजी हळूच म्हणाले.

बल्ब विझला होता.

"आता बघ."

पेटला.

"आता?"

विझला.

वायरमनने मागे वळून पाहिलं. भावोजींचा डावा हात खिडकीखालच्या अस्तरामागे गेला होता. तिथे चोरस्विच होता. गाडी कोणी पळवू नये म्हणून जुने ड्रायव्हर असा स्विच स्वतःच्या हाताने लपवून बसवतात आणि त्याचा पत्ता बायकोलाही सांगत नाहीत. वायरमनने तो शोधलाही होता, पण ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे सगळ्यांचा असतो तिथे. मागे, काढलेल्या बाकड्याच्या जागेपाशी असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तुझं रडणं बघवेना," भावोजी म्हणाले. "म्हणून दाखवला."

"भावोजी, अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"मरायचं कुठे रे. तिथे जायचं नाही. पहिल्यांदा सहज केलं. ती पुढे बसते, मला नुसती तिची पाठ दिसते. तिथे पोचलो की ती बाहेर, मी आत. घरी आलो की तिचा स्वयंपाक, माझी औषधं, धुणं. त्या दिवशी गाडी बंद पडली आणि ती मागे येऊन माझ्याजवळ बसली. कितीतरी बोललो आम्ही. मग चटकच लागली. आणि हल्ली वाटतं, चालू होऊच नये."

वायरमनच्या हातात पकड होती. वायर कापायची, टोकं जोडायची, वर टेप गुंडाळायची, डोळे मिटून होणारं काम.

"एवढंच उरलंय रे माझ्या हातात," भावोजी म्हणाले.

त्याने पकड खिशात घातली. याला कोणी दुबळेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो. तिथे मी मी म्हणणाऱ्याचाही हात चालला नसता.

ताई पाणी घेऊन आली. "सापडलं का?"

"अर्थिंग ढिली होती," तो म्हणाला.

तिने त्याला दंडाला धरून फाटकापाशी नेलं. "आणि मागचा स्विच?"

वायरमनला ठसका लागला.

"गेल्या खेपेला आरशात दिसला मला त्यांचा हात," ताई म्हणाली. "मी काढला तर मला कळलंय हे त्यांना कळेल. मग ते माझ्याकडे बघणार कसे? म्हटलं, तू काढशील. काढलास?"

"नाही."

ताई व्हॅनकडे बघत म्हणाली, "उद्या तू चालव. मागे त्या स्विचच्या बाजूला स्टूल टाकून मी बसते."

दुसऱ्या दिवशी वायरमनने दुकान उघडलं नाही. तो गाडी चालवत होता आणि कान मागे लावून होता. मागे दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मधेच भावोजी हसले. पूल गेला, बाजार गेला. आता दवाखान्याचं वळण आलंच, म्हणून त्याच्या जिवात जीव येतोय तोच इंजिन बंद पडलं.

गाडी कडेला घेत त्याने भावोजींना दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि आरशात पाहिलं. भावोजींचे दोन्ही हात मांडीवर होते. अस्तरामागे गेलेला हात ताईचा होता.

"पाचच मिनिटं," ताई म्हणाली. "मग मी चालू करते. तू पुढे बघ."

वायरमनने किल्लीवरचा हात काढला आणि तो पुढे बघत बसला.