बेटावर गाडी मीच चालवणार

श्रीलंकेत गाडी मीच चालवणार, हे मी सौदीतल्या बुरैदात असतानाच जाहीर करून टाकलं होतं. ड्रायव्हरसकट गाडी मिळत असताना हात दाखवून अवलक्षण कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. पण नर्स म्हणून ड्युटीवर जायला मी वर्षानुवर्षं त्याची, नाहीतर कुठल्यातरी ड्रायव्हरची वाट पाहिली होती. सौदीत बायकांना लायसन्स मिळायला लागल्यावर, पन्नाशी जवळ आलेली असताना मी शिकले. तरी शेजारी बसला की हा दाराची कडी घट्ट धरून बसायचा. या माणसाला एकदा तरी माझ्या गाडीत निवांत बसवायचंच, असा मी पणच केला होता.

सौदीत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात, श्रीलंकेत आपल्यासारख्या डावीकडून. वळायचं म्हटलं की माझ्या हातून इंडिकेटरऐवजी वायपर सुरू व्हायचे. रिक्षावाले हसायचे, नवरा हसत नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्यानं नारळ, होड्या आणि सुकत घातलेली मासळी बघत आम्ही कोकणात असल्यासारखे हिंडलो. मग चहाच्या मळ्यांचा घाट लागला. बुरैदातल्या सरळसोट रस्त्यांवर शिकलेली मी, वळण म्हणजे काय ते इथे कळलं.

अशाच एका वळणावर सवयीनं मी उजवीकडे गेले आणि समोरून बस आली. दोघांनीही वेळेवर ब्रेक मारले म्हणून बरं. बसचा ड्रायव्हर उतरून आला आणि गाडी मी काढून देतो, असं खुणेनं सांगू लागला. नवऱ्यानं लगेच पट्टा सोडला. "उतर. तो काढून देतोय ना."

मी घाबरले होते, पण उतरले असते तर पुन्हा कधीच बसले नसते. म्हटलं, "तुम्ही बसा. इथवर मी आणलीय, मागेही मीच घेईन."

बसमधून भगव्या वस्त्रातले भिक्खू उतरले, मळ्यात काम करणारी कुंकू लावलेली तमिळ बाई उतरली, स्कार्फ बांधलेली एक मुसलमान शिक्षिका उतरली. सगळ्यांनी आपापल्या भाषेत मला शिकवायला घेतलं. एकाचा हात डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. मी कुणाचंच ऐकलं नाही. आरशात बघत, तोंडानं अरबीत यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, म्हणत, इंचाइंचानं गाडी मागे घेतली. बस गेली.

घाट उतरलो तशी हिरवळ विरळ होत गेली, ताडाची झाडं आणि कोरडं रान सुरू झालं. नवरा बराच वेळ बोलला नव्हता. रागावलाय, असं मी धरून चालले होते. शेवटी हळूच पाहिलं, तर मान काचेला टेकवून, तोंड उघडं टाकून तो घोरत होता. इतका आनंद झाला की डोळे भरून आले, पण पुसायलाही स्टिअरिंगवरचा हात काढायचा धीर होईना. समुद्र दिसला की उठव, असं त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं. समुद्र दिसला. मी काही त्याला उठवलं नाही.