टिलीच्या उशीचा अभ्रा

ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बात परकी मुलं काही काळ सांभाळायला घेणाऱ्यांचा वर्ग नोलीन अकरा वर्षं घेतेय. तिचे दोन नियम आम्हाला पाठ आहेत. मूल जाताना त्याचं पांघरूण धुवायचं नाही, घराचा वास सोबत जाऊ दे. नवं मूल येताना मात्र अंथरूण धुतलेलंच हवं.

तिच्याकडे तीन वर्षं राहिलेली टिली सोमवारी आजीकडे गेली, पांघरुणासकट. गुरुवारी फोन आला, संध्याकाळी नवं मूल येतंय. मी मदतीला गेले, तर नोलीन वॉशिंग मशीनपुढे टिलीच्या उशीचा अभ्रा छातीशी धरून उभी.

"अगं, टाक की आत! वर्गात आम्हाला दटावतेस ना?"

तिनं अभ्रा माझ्या हातात कोंबला. "तू टाक. पण मी अंगणात जाईपर्यंत बटण दाबू नकोस."