पूर्ण वजनाचं मत

कोंबड्याला दीड हजार रुपये मिळाले ते माझ्या अंगठ्यामुळं.

कोंबडा सम्राटचा. म्हणजे फोटो सम्राटचा. कोंबडा कुणाचा, आणि पुढं त्याचा तांबडा रस्सा झाला की पांढरा, ते देव जाणे. 'शाईचौक' नावाच्या संकेतस्थळावर त्यानं तो चढवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'शुभ सकाळ मित्रांनो'. मी शिवाजी पेठेत शेजारच्या भरमाप्पा तोडकरांच्या बाहेरच्या खोलीत भडंग खात बसलो होतो. आप्पांचा फोन माझ्या हातात होता, आज कुणी काय लिहिलंय ते बघत होतो. तेलकट अंगठा घसरला आणि आप्पांचं पूर्ण वजनाचं, शंभर टक्क्यांचं मत त्या कोंबड्याच्या तुऱ्यावर जाऊन बसलं.

"काय केलंस लेका?" आप्पा उठून उभेच राहिले. "काढ त्ये! आदी काढ!"

"निघत न्हाय आप्पा. एकदा दिलं की दिलं."

"आरं, आजपतूर कुणाला शंभर दिलं न्हाय मी. आन् पयलं दिलं ते कोंबड्याला?"

आतून त्यांच्या पत्नी मल्लव्वा म्हणाल्या, "माझ्या भावाला दिलं नव्हतं, त्यापरास कोंबडा बरा म्हणायचा."

शाईचौकावर लिहिणाऱ्याला मतांचा मोबदला मिळतो. रुपयांत नाही, 'शाई' नावाच्या संगणकी नाण्यात, आणि त्या नाण्याचा दर रोज बाजारात वरखाली होतो. ज्याच्या गाठीला शाई जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. मत देणाऱ्यालाही त्यातला थोडा वाटा मिळतो. आप्पांचा मुलगा वीरेश बंगळुरात असतो. शाई चिंचोक्याच्या मोलानं मिळत होती तेव्हा त्यानं म्हाताऱ्याला करमणूक म्हणून पोतंभर घेऊन दिली. पुढं दर चढला आणि शिवाजी पेठेतला एक निवृत्त माणूस बसल्या जागी वजनदार झाला. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. शाई विकायची कशी, हेही त्यांनी कधी विचारलं नाही.

भरमाप्पांनी चाळीस वर्षं एका अडत दुकानात गुळाची पारख केली. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीनं मांडलेले असत. आप्पा माल आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नसत. रव्यात सळई घालायची, आतला कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि नंबर सांगायचा. एक, दोन नाहीतर तीन. सख्ख्या मेव्हण्याच्या गुळाला त्यांनी तीन नंबर दिला आणि मेव्हणा दोन दिवाळ्या घरी फिरकला नाही. मल्लव्वांचा टोमणा होता तो हाच.

शाईचौकावरही त्यांची तीच रीत. समोर आलेला लेख चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचायचा. वाचताना ओठ हलत. संपला की निकाल. "बारा टक्के. पाक कच्चा हाय." "चाळीस देऊया. रंग चांगला, पर मदी माती लागतीया." एका मुलीच्या कवितेला त्यांनी पासष्ट दिले, तेव्हा दोन दिवस तिच्याच गोष्टी सांगत होते.

आणि ते स्वतः लिहीत. गुऱ्हाळावर, रस आटवायच्या काहिलीवर, उकळत्या रसात हात पोळलेल्या वडिलांवर. संकेश्वरकडच्या आपल्या आईवर, अव्वावर, जी कानडीत जोजवायची आणि मराठीत शिव्या द्यायची. आपल्या लेखाला ते स्वतः कधी मत देत नसत. आपला माल आपण तोलायचा नसतो, म्हणायचे. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मालाला नंबर देऊन झाला होता, आता कुणीतरी त्यांच्या मालाला द्यावा एवढीच इच्छा. तीन मिळाला तरी चालेल, पण चाखून दिलेला. तोवर मतं येत ती चार. त्यातलं एक माझं.

कोंबड्यानं सगळं बदललं. सम्राटचं शाईचौकावर पन्नास-साठ जणांचं मंडळ होतं. तू मला दे, मी तुला देतो, असा रोखठोक मामला. त्यासाठी एक यांत्रिक यादी असायची. तीत नाव घातलं की त्या माणसानं काही लिहिल्यावर पाचव्या मिनिटाला तुमचं मत आपोआप जाणार. तुम्ही झोपा, जेवा, पंचगंगेवर पोहायला जा. आप्पांचं शंभर टक्के मत बघून सम्राटला वाटलं, म्हातारा मंडळात यायचं म्हणतोय. त्यानं त्यांचं नाव सगळ्यांच्या याद्यांत घालायला लावलं. त्याच आठवड्यात शाईचा दर तिपटीनं चढला, आणि ज्यांनी वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं तेही मतं द्यायला धावले.

आप्पांनी मला हाक मारून बोलावलं. फोन दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरावं तसा.

"दोनशे बारा! दोनशे बारा मान्सांनी वाचलं की रं! ह्ये बघ, 'लई भारी आप्पा.' ह्यो म्हणतोय 'अप्रतिम'. आन् ह्यो म्हणतोय 'डोळ्यांत पाणी आलं'." मग जरा थांबून, "पाणी कशानं आलं असंल? लेख तर वजनकाट्यावर हुता."

मी तिथंच सांगायला हवं होतं. पण सत्तरीतल्या माणसाचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा झाला होता, आणि मी 'अभिनंदन आप्पा' म्हणून मोकळा झालो. उलट घरी जाऊन मीही आप्पांचं नाव माझ्या यादीत घातलं. चुकीची भरपाई म्हणून. झालं असं, की मत आपोआप जायला लागल्यावर मी वाचायचंच बंद केलं. भेटले की विचारायचे, "वाचलंस?" मी म्हणायचा, "वाचलं की आप्पा, झकास."

दर वर होता तोवर शाईचौकात जत्रा होती. मंडळानं शाहूपुरीत एका सभागृहात मेळावा घेतला आणि आप्पांना फेटा बांधला. सम्राटनं बांधला, स्वतःच्या हातानं.

"आप्पा म्हंजे आमचं भूषण! आप्पांचं लिखाण म्हंजे काय सांगू तुम्हाला!"

"सांग की," आप्पा भाबडेपणानं म्हणाले. "कंचा लेख आवडला तुला?"

सम्राट क्षणभर गडबडला, मग माईक तोंडाशी घेऊन गरजला, "एक आसता तर सांगिटलं आसतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांनी हात जोडले. त्या दिवसापासून ते रोज पहाटे लिहायला बसू लागले.

दिवाळीनंतर शाई पडली. आधी निम्म्यावर आली, मग निम्म्याच्या निम्म्यावर, मग लोकांनी दर बघायचंच सोडलं आणि याद्याही बंद करून टाकल्या. आप्पांची मतं दोनशेची नव्वद झाली, नव्वदाची अकरा. ज्याच्या डोळ्यांत पाणी यायचं त्याचे डोळे कोरडे पडले. मला सम्राट चहाच्या गाड्यावर भेटला. तो आता प्लॉट विकत होता.

"मंडळाचं काय झालं?" मी विचारलं.

"आवो, यादी चालू ठेवाया बोट हालवायचं म्हटलं तरी बोटाची मजुरी सुटंना! कोण बसतंय?"

"आणि आप्पांचं लिखाण?"

"कंचे आप्पा?" मग आठवून, "हां, त्ये गूळवाले. लिवतात का अजून?"

लिहीत होते. पण त्यांचा समज भलताच झाला. मी बाजाराचा दर समजावायला गेलो, तर माझ्यावरच उखडले.

"दर मला शिकवू नगंस. दर पडला की गूळ जास्त खपतो, चाळीस वर्सं बगितलंय मी. हितं दर पडला आन् खाणारंच गेलं? म्हंजे मालच बिघडलाय."

आणि ते माल सुधारायला बसले. मल्लव्वा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ओ त्यांना. अव्वाचा लेख चारदा खोडला. तिची कानडी समदी काढून टाकली, म्हणे लोकांस्नी कळत नसंल. म्हातारीच्या तोंडची जोजवणी काढली. मग राहिलं काय त्यात? दोन घास धड जेवत न्हाईत, वाचून दावतात आन् म्हणतात, सांग, कितवा नंबर? मला काय कळतंय त्यातलं?"

मी निघायला वळलो.

"येकच आधार हाय त्यांला," त्या म्हणाल्या. "तुमचं मत. सगळी गेली, पर तुमचं रोज येतं. परवा म्हणत हुते, येक तरी मानूस वाचतोय, त्याच्यासाठी लिवायचं."

माझ्या यादीतलं त्यांचं नाव काढायचं राहून गेलं होतं, एवढंच त्याचं कारण. ते मल्लव्वांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. पण निदान जुनं तरी कबूल करावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांकडं गेलो. ते खिडकीशी बसून फोनची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मी सगळं सांगून टाकलं. कोंबडा, अंगठा, सम्राटचा गैरसमज, मंडळाच्या याद्या. माल बिघडलेला नाही, कारण माल कुणी तोंडात घातलेलाच नव्हता.

आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते काच पुसत राहिले.

"आलतं ध्यानात," शेवटी म्हणाले. "आटवड्यामागं."

"मग तरी लिहीत राहिलासा?"

"बसलो की हुतो. उठून जायचं कुटं?"

खालून एक भाजीची गाडी ओरडत गेली. मल्लव्वांनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या. मला ते सोसवेना. काहीतरी गोड बोलून उठावं, एवढंच सुचलं.

"त्यांचं सोडा आप्पा," मी म्हणालो. "ते दराचे सोबती. माझं मत तर खरं हाय की न्हाय? मी रोज वाचतो तुमचं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत."

आप्पांनी चष्मा वर सारला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले,

"काल मी नुसता ठिपका टाकलता, त्यालाबी तुझं मत आलं."