संघपालचा ‘फिट’ रिपोर्ट

नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात संघपाल खंडारे यंत्रांचा फिटर होता. नऊ वर्षांपूर्वी तिथल्याच शिबिरात त्यानं रक्त दिलं आणि आठवड्याभरात रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा आजार, निघाला होता. तेव्हापासून रोज एक गोळी, आणि दर सहा महिन्यांनी अकोल्याच्या डॉक्टरांकडे फेरी. आकांक्षानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लस घेतली. हे दोघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं.

मग आखातातल्या एका गिरणीत चांगली जागा निघाली. गोळीनं विषाणू दबला तरी रक्ताची तपासणी पॉझिटिव्हच येणार आणि तिथला कामाचा व्हिसा नाकारला जाणार, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. तरी संघपाल तपासणीला गेला. एजंट कुंदननं पाच जणांना एकाच गाडीतून तपासणी केंद्रावर नेलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. फिट.

आकांक्षानं शिरा केला, पण संघपालनं ताटली बाजूला सारली. त्यानं कागद पुन्हा वाचला. खाली रक्तगट लिहिला होता बी. शिबिरात मिळालेल्या कार्डावर त्याचा रक्तगट ओ होता.

म्हणजे रक्त दुसऱ्याचं. दलालीसाठी ही करामत कुंदननंच केली, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. पण कुंदनला आजार कळला कसा? कुंदन आकांक्षाच्या माहेरच्या गावचा. ती फोनवर बोलताना मागच्या दारी का जाते, हे तो आता बघू लागला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलंच.

“कुंदनले तू सांगतलं काय?”

तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. “नऊ वर्सं तुमच्या गोळ्या लपवून राहिली मी. सख्ख्या बहिणीले नाही सांगतलं. त्याले सांगीन?”

त्याचा विश्वास बसला असं नाही. तो कुंदनकडे गेला आणि गप्पांत त्याला चाचपू लागला. कुंदन वैतागलेला होता. चौघं पास झाले, पण तेल्हाऱ्याचा ललित काविळीचा निघाला, आता त्याची आई आपल्यालाच बोल लावते, म्हणाला. ललित! रांगेत तो संघपालच्या अगदी मागे होता. दोघांच्या रक्ताच्या नळ्या हातात घेऊनच नर्स फोन घ्यायला उठली होती, हे संघपालला आठवलं. चिठ्ठ्या तिनं नंतर चिकटवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो अकोल्यावरून तेल्हाऱ्याला पोचला. ललितच्या आईनं, चतुराबाईनं, त्याला दारातच अडवलं. कुठले, कोणी पाठवलं, कशासाठी आले, सगळं विचारून झाल्यावर तिनं गोठ्यालगतच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं ललितची बाज होती. उंबऱ्याजवळ त्याचं वेगळं ताट. बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती.

संघपालनं त्याचा रक्तगट विचारला. बी.

“माहं रक्त तुह्या नावावर गेलं भाऊ,” संघपाल म्हणाला. “आजार मले आहे.”

ललित बाजेवर उठून बसला. “अन् हे सांगाले इतक्या दूर आले? तुमाले काय पायजे?”

संघपालनं कार्ड आणि रिपोर्ट दोन्ही पुढे केले. त्या दुपारीच अकोल्यात दोघांनी तपासायला रक्त दिलं आणि आलेले निकाल घेऊन केंद्र गाठलं. केंद्रानं पुन्हा तपासणी केली. ललित फिट, संघपाल अनफिट. एका ताटात जेवून हा आजार लागत नाही, हे संघपालनं पुन्हा तेल्हाऱ्याला जाऊन चतुराबाईला समजावलं. तिनं मान डोलावली, पण तो पाणी प्यायलेला पेला तिनं दोनदा घासला.

महिन्याभरात ललित आखातात गेला. इकडे कुंदनच्या तोंडून कारखान्यात बोभाटा झाला. काहींनी संघपालसोबत डबा खाणं सोडलं. एकानं मात्र जिन्यात गाठून हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला.

आकांक्षा बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. पुढं रक्ततपासणीची अशी अट नसलेल्या एका देशातल्या नोकरीचा फॉर्म त्यानं घरी आणला. तिनं आधी तो सगळा वाचला, मगच त्याच्या हाती पेन दिलं.