मामाचं तोंड भिंतीकडं

माझा मामा पिंपरी पेंढारचा. म्हणजे त्याचं घर, शेत आणि बायको तिथं. तो स्वतः सदा डोंगरात. "कुठं निघाला, राव?" असं कुणी विचारलं की "सासरवाडीला" म्हणायचा आणि तळेघरची एसटी धरायचा. उतरून पुढं चालत. ओढ्यातले खेकडे, करवंदं, कड्यावरच्या आग्या मोहोळाचा मध असं काहीबाही घेऊन तो ओतूरला आमच्याकडे यायचा आणि घरात दंगा सुरू व्हायचा. सदऱ्याच्या खिशात जिवंत खेकडा ठेवून माझ्या आईच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, पाया पडायला वाकायचा. ती किंचाळली की हसून हसून खाली बसायचा. विहारात पंचशील घेताना जीव न मारण्याची ओळ आली की तो नेमका खोकायचा. आम्ही पदरात तोंड लपवायचो.

मामी नशीबवान, असं आम्ही म्हणायचो. ती हसत नसे, तो तिचा स्वभाव असेल, एवढंच वाटायचं.

मी कॉलेजात असताना मध काढायला गेलेला मामा कड्यावरून पडला. दोर सुटला. सोबतच्या मित्रांनी घोंगडीची झोळी करून त्याला सडकेपर्यंत आणला. कणा मोडलाय, कमरेखाली आता काही हलणार नाही, असं पुण्यात डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवातीला ते मित्र भेटायला आले, पेढे खाऊन, जुने किस्से सांगून गेले. मग कुणी आलं नाही.

मामीनं त्याचं सगळं केलं. पुसायची, कूस बदलून द्यायची, ताट हातात द्यायची. अंगावर एक जखम होऊ दिली नाही. पण पडवीतून अख्खी डोंगररांग दिसत असताना तिनं त्याची खाट आतल्या कोपऱ्यात लावली. दार डोक्यामागं आणि समोर भिंत.

आईला ते सहन होईना. "अगं, बाहेर घे की त्याला. डोंगर तरी बघंल."

"न्हाई," मामी भाकरी थापत म्हणाली.

आई मला म्हणाली, "धर गं त्या टोकाला." आम्ही खाट ओढायला लागलो, तर मामाच म्हणाला, "राहू दे, ताई. या भितीवर एक पाल येती. आता कुठं ओळख झालीय." आणि हसला.

मामी हात तसाच पिठाचा घेऊन उठली. "वन्सं, तुमच्या भावाला इचारा, पयली पोर झाली तवा कुठं व्हता. दोन दिस मी कळा देत व्हते. मानसं रानात धाडली, तर हा म्हणला, येतो, जरा खेकडं धरतो. आला तवा पोर पुरून झाली व्हती. दारातनं गानं म्हणत आला. पिशवीतली खेकडं शेजारणीनं रांधली आन् त्यानं खाल्ली. पाठ फिरवून जेवला. तवापासनं मी भितीकडंच बघती."

आईनं मामाकडं पाहिलं. तो नाही म्हणेल, अशी तिची आशा असावी. मामा भिंतीकडं पाहत राहिला. आम्ही खाट सोडली. त्या दिवसानंतर आई त्या घरात गेली नाही. मी जात राहिले. मामा मला बघून विनोद करायचा आणि मामी शेजारी भांडी घासत असायची.

काही वर्षांनी तो गेला. पुण्यानुमोदनाला ते मित्र परत आले आणि खिशातल्या खेकड्याचा किस्सा सांगून मंडळींना हसवू लागले. त्यातला एक मामीला म्हणाला, "वैनी, तुमी लई केलं त्याचं." मामीनं त्याच्या पानात भात वाढला आणि पुढं सरकली.

पंगती उठल्यावर मी तिच्याजवळ बसले. "मामी, त्यानं कधी माफी मागितली का हो?"

"न्हाई. खाटंवर पडल्यावर एकदाच इषय काढला. म्हणला, पोरगी जगली असती तर तुज्यावानी कडक झाली असती."

"मग?"

"त्या दिशी त्याला जेवाय दिलं न्हाई."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिशी बी न्हाई," ती म्हणाली, आणि उरलेला भात माझ्या डब्यात भरू लागली.